ड्रम घ्यावी की डिस्क

धर्मराज झाडावर चढला की खाली गोदू हवीच, हे जांभूळ गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. बदलापुरातल्या सोसायट्यांची झाडं छाटायचं काम ही दोघं नवराबायको केस काळे होते तेव्हापासून करतायत. आधी गोदू बुंध्याला हळदकुंकू लावणार, मग हा वर चढणार. फांदी दोरीनं बांधली, शेवटचा घाव राहिला, की वरून हाक देणार, "आली गं!" दोरीचं दुसरं टोक धरलेली गोदू खालून म्हणणार, "येऊ द्या!" तिचा होकार आल्याशिवाय धर्मराजनं आजवर एक डहाळी सोडलेली नाही. कोणी घाई केली तर म्हणायचा, खाली माझी बायको उभी आहे, खांब नाही.

पण आता सोसायट्यांचे नखरे वाढले. फांद्या रस्त्याकडेला टाकायच्या नाहीत, जाळायच्या नाहीत, संध्याकाळी आवार लख्ख पाहिजे. मग फांद्यांचा चुरा करणारी मशीन घेण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. अशा मशिनी विकणाऱ्या प्रीतमचं दुकान उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात, पण मशिनी आनंदनगरच्या शेडमध्ये. तिथं दोघं गेली. गोदूनं लग्नकार्याची साडी नेसली होती. मशीन काय सोयरीक आहे का, म्हणून धर्मराजनं चिडवलं, तर ती नुसती हसली.

प्रीतमनं दोन मशिनी मांडून ठेवल्या होत्या. एक ड्रमची. आत पात्यांचं जाड पिंप फिरतं, तोंड मोठं, वाकडीतिकडी फांदी पानांसकट ओढून घेते. दुसरी डिस्कची. जड चाकावर पाती बसवलेली, चुरा एकसारखा पडतो, बागवाले आवडीनं नेतात, डिझेलही कमी पिते. पण तिचं तोंड लहान. आडव्या डहाळ्या साळून फांदी सरळ केल्याशिवाय ती घासच घेत नाही. प्रीतमचं मन ड्रमवर. त्याचं म्हणणं, काका वर कापत राहतील, काकू एकटी खाली भरत राहील, दोन्ही कामं एकदम. धर्मराजलाही ते पटलं. मनातल्या मनात त्यानं ड्रमला हारही घातला.

फक्त एक बघायचं होतं. मशीन चालू असताना हाक पोचते का? गोदू ड्रममध्ये सुबाभळीच्या फांद्या घालायला लागली, तसा तो मागं जाऊन ओरडला, "आली गं!" उत्तर नाही. एवढ्या गोंगाटात कुणाला ऐकू येणार? मग डिस्क चालवली. पुन्हा तेच. बंद कर बाबा दोन्ही, असं त्यानं प्रीतमला हातानंच सांगितलं. शेड गप्प झाली. गोदू पाठमोरी उभी राहून साडीवरचा भुसा झटकत होती. धर्मराजनं गंमत म्हणून पुन्हा हाक मारली, "आली गं!"

फाटकावरच्या वॉचमननं मान वळवली. गोदूनं वळवली नाही.

धर्मराज पुढं गेला आणि तिचा दंड धरून तिला शेडबाहेरच्या सावलीत घेऊन आला. त्याचा चेहरा बघूनच तिला कळायचं ते कळलं.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"झाली की बरीच वर्षं," ती त्याच्या ओठांकडे बघत म्हणाली. "हाक द्यायच्या आधी तुम्ही गाठ बघायला दोरीला हिसका देता. तो माझ्या हातात येतो. मग मी म्हणते, येऊ द्या."

आपण असा हिसका देतो, हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं तो तिच्या कानांवर विसंबून फांद्या सोडत होता, आणि ती आपल्या तळहातावर. राग आला, रडूही आलं. सांगितलं का नाहीस, म्हणून तो तिच्यावर डाफरला. सांगितलं असतं तर तुम्ही मला घरी बसवलं असतं, आणि दुसऱ्या कुणाच्या भरवशावर तुम्हाला झाडावर चढवून मला घरी घास गिळवला नसता, असं ती म्हणाली. त्यानं तिच्या केसांतला भुसा काढला.

पण एक गोष्ट त्याला लख्ख दिसली. ड्रमपाशी गोदूचे दोन्ही हात फांद्यांत असणार. मग दोरी कोण धरणार? हा वर, ती खाली, मशीन चालू, आणि हाक कुणालाच पोचणार नाही.

आत येऊन त्यानं डिस्कवर हात ठेवला. प्रीतमनं कपाळाला हात लावला. किती समजावलं त्यानं! दिवसाला निम्मंच काम उरकेल म्हणाला, दर वेळी झाडावरून उतरावं लागेल म्हणाला.

"उतरेन की," धर्मराज म्हणाला. "मी खाली आल्याशिवाय मशीन चालूच करायची नाही."

"अरे काका, समझो ना. एकानं फांद्या साळायच्या, एकानं घालायच्या. हिला दोन माणसं लागतात."

"दोघंच आहोत आम्ही," धर्मराज म्हणाला.

गोदूला ते ऐकू आलं नाही. पण ती त्याच्या ओठांकडेच बघत होती.