कुठले जोशी?

जोशीकाकांना एखाद्याचं नाव कळलं की त्यांचं समाधान व्हायचं नाही. तिथून पुढे त्यांचं काम सुरू व्हायचं. कॅनडातल्या कनाटा गावी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायला गेलो त्या दिवशी मी दोन बॅगा आणि बुटांत शिरलेला बर्फ घेऊन दारात उभा होतो, आणि काका माझं आडनाव विचारत होते. मी सांगितलं. "कुठले?" पुण्याचा, म्हटलं. "पुणं हे गाव नव्हे, बदलीचं ठिकाण आहे. मूळचे कुठले?" आजोबांचं गाव, आजोळ आणि कुलदैवत एवढं वसूल झाल्यावर मला आत घेण्यात आलं. विमानतळावरच्या साहेबाने माझी बरीच कमी चौकशी केली होती. अर्थात, त्याला फक्त देशात घ्यायचं होतं.

या प्रश्नांच्या पायऱ्या उतरत काका शेवटी कुठे पोहोचायचे, हे मराठी वाचकाला सांगायला नको. आपण सगळेच तिथे पोहोचतो. शिकलेली माणसं जरा कठडा धरून उतरतात एवढंच. मी एकदा हे बोलून दाखवलं, तर काका शांतपणे म्हणाले, "अहो, मसाल्याच्या डब्यात कुठल्या वाटीत काय आहे ते माहीत नको का?" चाळीस वर्षं कॅनडात इंजिनीयर म्हणून काढलेल्या माणसाचं हे तत्त्वज्ञान होतं.

काकू गेल्यावर त्यांना उरली होती एकुलती एक मुलगी, केतकी. तिने आधी एक मराठी मुलगा घरी आणला होता. काकांनी त्याला आडनावापासून धरलं, पणजोबांच्या गावापर्यंत नेलं आणि तिथेच सोडून दिलं. तो परत आला नाही. पुढची दोन वर्षं केतकीही आली नाही. टोरांटोहून तिचा फोन यायचा, त्यात दोघं हवामानाबद्दल बोलायचे. "तिकडे किती?" "मायनस टेन." "इकडे मायनस अठरा." झाला संवाद. फोन ठेवल्यावर काका बराच वेळ खिडकीशी उभे राहायचे, आणि मी काही पाहिलं नाही असं दाखवायचो.

मग एके दिवशी फोनवर हवामान आलंच नाही. केतकी जून नावाच्या कोरियन मुलाशी लग्न करणार होती, आणि त्याचे वडील ब्रॉसार्ड गावाहून जेवायला येणार होते. "बाबा, वन चान्स," ती म्हणाली. "कोरियनमध्ये पोलाइटली नाव विचारा, मी शिकवते. आफ्टर दॅट, नो क्वेश्चन्स! नाहीतर वुई विल जस्ट गो टु सिटी हॉल. फोटो पाठवीन."

फ्रिजवर चिठ्ठी लागली: 'सॉङहामी ऑत्तोके द्वेसेयो?' वडीलधाऱ्यांच्या नावाला त्या भाषेत वेगळा, मानाचा शब्द आहे हे कळल्यावर काका हरखून गेले. "याला म्हणतात संस्कृती!" तीन आठवडे ते ड्राइव्हवे शोव्हल करताना बर्फाला नाव विचारत होते. रोज सकाळी कमरेत वाकून मला विचारायचे आणि मी रोज माझं नाव सांगायचो. कोरियन ग्रोसरीतल्या कॅशियर मुलीलाही त्यांनी असंच वाकून विचारलं. कोण म्हातारं माणूस आलं म्हणून तिने आधी मागे वळून पाहिलं. "अंकल, आय ॲम नाइनटीन," ती म्हणाली.

त्या रविवारी मिस्टर किम आले. काळा सूट, दोन्ही हातांत धरलेली पेअर फळांची पेटी. न सांगता बूट काढले, तिथेच काकांनी त्यांना निम्मे मार्क दिले असावेत. मग काका वाकले आणि ते वाक्य एकही चूक न करता म्हणाले. मिस्टर किम चकित होऊन त्यांच्याहून खाली वाकले आणि पूर्ण नाव सांगितलं. केतकीने सुटकेचा श्वास सोडला.

वरण-भात झाला, विंटर टायर्सवर चर्चा झाली. काका शिंक दाबून धरल्यासारखा चेहरा करून बसले होते. शेवटी लोणचं वाढताना बांध फुटला.

"किम... मेनी किम्स इन कोरिया, नो?"

"बाबा!" केतकी म्हणाली.

"व्हिच किम?"

केतकीने चमचा खाली ठेवला. जून ताटाकडे बघत राहिला. आता सिटी हॉलच, मी मनात म्हटलं. मिस्टर किमनी तोंड पुसलं आणि ताठ बसले.

"गिम्हे किम," ते म्हणाले. गिम्हे हे त्यांच्या घराण्याचं मूळ गाव. सगळे किम एक नसतात, घरी वंशावळीचं पुस्तक आहे, पण मुलगा ते कधी उघडत नाही, हे सगळं त्यांनी सांगितलं. मग काकांकडे झुकून विचारलं, "जोशी. मेनी जोशीज? व्हिच जोशी?"

काकांनी लोणच्याची वाटी खाली ठेवली. त्यांचं दत्तात्रय हे नाव ऑफिसला पहिल्याच दिवशी जड गेलं होतं, तेव्हापासून ते 'डॅन' होते. कॅनडाने त्यांना पोस्टल कोड विचारला, हेल्थ कार्ड विचारलं. कुठले, हे चाळीस वर्षांत कोणीही विचारलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि इतका वेळ मनात चाललेली माझी चेष्टा थांबली.

"गुहागर," ते म्हणाले. "गुहागर जोशी. सी-साइड."

संध्याकाळपर्यंत दोघं बोलत होते. कोणाचं घराणं वरचं आणि कोणाचं खालचं इथवर दोघंही बरोबरच पोहोचले, हेही प्रामाणिकपणे सांगतो. जिना तिकडेही असतो. "अनबिलिव्हेबल," केतकी किचनमध्ये डोळे पुसत हसत होती. "देअर आर टू ऑफ देम!" लग्नात काका पहिल्या रांगेत होते.

चार वर्षांनी काका गेले. मी तोवर हॅलिफॅक्सला आलो होतो, अंत्यविधीला विमानाने गेलो. ऑफिसातल्या जुन्या मित्रांनी भाषणं केली. ते सगळे डॅनबद्दल बोलले, चांगलंच बोलले. शेवटी मिस्टर किम उठले, शवपेटीपुढे कमरेत वाकले आणि सावकाश म्हणाले, "दत्तात्रय जोशी. गुहागर जोशी."

एकदाही न अडखळता. फ्रिजवर चिठ्ठी लावल्याशिवाय हे जमत नाही, मला माहीत आहे.