कापसाच्या खोलीतला आवाज

मला गाडी चालवता येत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. सायकल येते, मोटारसायकल येते, शेतात समोर कोणी नसेल तर ट्रॅक्टरही येतो. पण मी ज्या विषयावर बोलायचो तो विषय छोट्या चारचाकी गाड्यांचा, आणि तसल्या एकाही गाडीच्या स्टिअरिंगला मी तोवर हात लावलेला नव्हता.

हा नाद मला वडनेरच्या फाट्यावर लागला. आमचं गाव हायवेला लागून आहे. बारावीत असताना मी चहाच्या टपरीवर रस्त्याकडे पाठ करून बसायचो आणि मागे थांबलेल्या गाडीचं दार लागल्याच्या आवाजावरून गाडी ओळखायचो. बरोबर आलं की मित्र चहा पाजायचे. मोठ्या गाड्यांचं दार दबकं वाजतं, ते कोणालाही कळतं. छोट्या गाड्यांच्या दारांमध्ये मात्र फार बारीक फरक असतात. त्यातच मला गोडी वाटायची.

पुढे वर्ध्याला कॉलेजात गेलो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, म्हणून बाबांनी अभ्यासासाठी चांगला फोन घेऊन दिला. त्या फोनवर गाड्यांच्या कंपन्यांची अॅप्स होती. त्यात आपल्या मनाने गाडीला रंग देता येतो, चाकं बदलता येतात, सीटचं कापड निवडता येतं. मी एकच छोटी गाडी इतक्या वेळा सजवली की शेवटी शोरूममधून फोन आला. पलीकडच्या बाई अदबीने म्हणाल्या, "सर, डिलिव्हरी कधीची बघू?" आयुष्यात पहिल्यांदाच मला कोणी सर म्हटलं होतं. नाही म्हणवेना. मी म्हणालो, "परीक्षा झाल्यावर बघू."

शनिवारी एसटीने घरी येताना मी गाड्यांवरचे पॉडकास्ट ऐकायचो. त्यातले दोघे एकदा तासभर एकाच गोष्टीवर बोलले, की अमुक गाडीच्या डिक्कीत दोन बॅगा आडव्या मावतात की उभ्या. मला वाटलं, आमच्याकडे डिक्कीत बॅग कोण ठेवतं? खताचं पोतं ठेवतात, मोटरपंप ठेवतात, लग्नाहून परतताना बुंदीचं टोपलं ठेवतात. यावर कोणीतरी बोललं पाहिजे. बरीच वाट पाहिली. कोणी बोललं नाही, म्हणून मीच सुरू केलं.

बाबांना मी समजावून सांगितलं की हे रेडिओसारखं असतं, फक्त लोक पाहिजे तेव्हा ऐकू शकतात.

"अन् कोणालेच पाहिजे नसलं त?" बाबांनी विचारलं.

मी पॉडकास्टसाठी नाव शोधायला घेतलं.

पहिली अडचण आवाजाची आली. वर्ध्याच्या खोलीत पंखा, शेजारचा कुकर आणि रूममेटचं घोरणं हे तिघं माझ्यापेक्षा स्पष्ट ऐकू यायचे. उपाय गावात सापडला. दिवाळीनंतर आमच्या घरातली समोरची खोली आमची राहत नाही. वेचणीचा कापूस तिथे पडायला लागतो आणि भाव येईपर्यंत तिथेच राहतो. टीव्ही स्वयंपाकघरात जातो, पाहुणे बाहेर अंगणाकडच्या छपरीत खाटेवर बसतात. भिंतीवरच्या फोटोतले आजोबा आधी छातीपर्यंत बुडतात आणि मग दिसेनासेच होतात. एका दुपारी बाहेर गोंगाट होता म्हणून मी फोनवर बोलायला त्या खोलीत शिरलो. माझा आवाज भिंतीवर आपटून परत आलाच नाही. कापसाने तो पिऊन टाकला.

मी ढिगात बसण्यापुरती एक खोबण केली आणि पहिला भाग तिथेच रेकॉर्ड केला. रूममेटने ऐकला आणि फोनकडे बघतच राहिला.

"अबे, हे कुठं केलं? नागपूरले गेलता काय स्टुडिओत?"

खरं सांगायचं तर मलाही तो आवाज ओळखू आला नव्हता. एवढ्या भरदार आवाजाचा माणूस गाडी न चालवता गाड्यांवर बोलत असेल, असं कोणाला वाटलंच नसतं.

एकच त्रास होता. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात आणि त्यांच्यामुळे अंगाला भयंकर खाज सुटते. मी बोलता बोलता दंड खाजवायचो आणि तेवढं 'खर्र' रेकॉर्ड व्हायचं. ते काढून टाकणं मला जमलं नाही. मग एका ऐकणाऱ्याने लिहिलं, "मधेमधे हँडब्रेक ओढल्याचा आवाज टाकता, ते मस्त वाटतं." त्याच माणसाने खाली विचारलं होतं, "तुमच्याकडे कोणती गाडी आहे?"

हा प्रश्न मला फार लागला. ऐकणारे मोजकेच होते. त्यात एक रूममेट, एक आतेभाऊ आणि एक परदेशातला, जो बहुतेक चुकून आला असावा. तरी खोटं सांगणं बरं वाटेना. बाबा दोन वर्षांपासून म्हणत होते, "कापूस निघाला का गाडी घेऊ." या वर्षी पीक चांगलं होतं. म्हणून मी पाचव्या भागाच्या शेवटी जाहीर करून टाकलं, की पुढचा भाग आमच्या स्वतःच्या गाडीवर असेल. गाडी आल्याशिवाय आता मला तोंड उघडता येणार नव्हतं.

पण कापूस घरातून निघेना. यात थोडा दोष माझ्या शिक्षणाचा होता. बाबांच्या फोनवर बाजारभावाचं अॅप मीच टाकून दिलं होतं. त्यात भाव चढला की हिरवा बाण दिसतो, उतरला की लाल. हिरवा दिसला की बाबा म्हणायचे, "चढून राह्यला, थांबू." लाल दिसला की म्हणायचे, "आता पडेल भावात कोण विकते? थांबू." त्या अॅपने त्यांना भाव रोज कळू लागला, आणि विकायचं कधी ते कळेनासं झालं. त्यातच त्यांना फोनवर एक पॉडकास्टवाला माणूस सापडला. तो रोज सकाळी कापसाच्या भावावर बोलायचा आणि शेवटी म्हणायचा, "शेतकरी बांधवांनो, घाई करू नका." बाबा त्याला कानात घालूनच दात घासायचे.

आई वैतागली होती. "बाप-लेक दोघंबी कानात बोंडं खुपसून बसता," ती म्हणाली. "अन् माह्या घरात मीच पाहुणी. छपरीत बसून भाजी निवडून राह्यली मी."

"तो थांबा म्हणते ना," बाबा म्हणाले.

"तो कोण होय बाबा?" मी विचारलं.

"तज्ज्ञ आहे. आवाजावरून समजत नाई काय तुले?"

एका रविवारी दुपारी मी बाबांच्या शेजारी खाटेवर बसलो आणि इअरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलं. आवाज खरंच भारदस्त होता. जवळचा, कोरडा, कुठेही न घुमणारा. आपण याच्याइतकं चांगलं कधी बोलणार, असं मनात आलं. तेवढ्यात मधेच 'खर्र' झालं. थोड्या वेळाने पुन्हा. तिसऱ्यांदा झालं तेव्हा माझा हात आपोआप माझ्या दंडाकडे गेला.

"बाबा," मी म्हणालो, "हा माणूस कापसात बसून बोलून राह्यला."

"कायच्या काय नको बोलू."

मी त्यांना हाताला धरून समोरच्या खोलीत नेलं आणि माझ्या खोबणीत बसवलं. फोन तोंडासमोर धरून म्हणालो, काहीतरी बोला. बाबा अवघडले, खाकरले, आणि सभेत माईक हातात आल्यासारखे म्हणाले, "नमस्कार. कापसाचे भाव यंदा... काय बोलू बाप्पा, मले नाई सुचत." आणि दंड खाजवू लागले.

ते मी त्यांना ऐकवलं. बाबांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

"हा मी होय?"

"हो."

"तज्ज्ञच वाटून राह्यलो." मग आपला 'खर्र' त्यांनी नीट कान देऊन ऐकला. म्हणाले, "म्हणजे त्याचाबी कापूस पडूनच आहे."

"मंग तो लोकायले थांबा काऊन म्हणते?" मी विचारलं.

"एकट्यानं थांबाले जीव घाबरते," बाबा म्हणाले. "सोबत पाहते तो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिकअपवाल्याला फोन केला. कापूस हिंगणघाटच्या बाजारात गेला. आठवड्याने हिरवा बाण आला, मग लाल, मग पुन्हा हिरवा. बाबांनी मला ताकीद दिली, "अॅपात काय आलं ते मले सांगजो नको." ते स्वतः पाहत असावेत, असा माझा संशय आहे. आईने समोरची खोली धुतली आणि आजोबांचा फोटो पुसला. माझा स्टुडिओ संपला.

गाडी ठरली ती सेकंडहँड, हिंगणघाटच्या एका शिक्षकांकडची. माझ्या दुसऱ्या भागात मी नेमक्या याच गाडीबद्दल म्हणालो होतो की, मागून पाहिली तर ती उभ्या कपाटासारखी दिसते आणि ज्याला घरातलं कपाट रस्त्यावर फिरवायचं असेल त्याने ती घ्यावी. मी बाबांना दुसऱ्या दोन गाड्या सुचवून पाहिल्या. ते म्हणाले, "त्यायच्यात मोटरपंप बसते काय?" मोटरपंपाचा मुद्दा माझाच होता, पहिल्या भागातला.

सहावा भाग मी अंगणात उभ्या असलेल्या त्या गाडीत बसून, काचा वर करून रेकॉर्ड केला. आता मी खऱ्या गाडीत होतो, डाव्या हाताला खरा हँडब्रेक होता. तो दोनदा ओढूनही पाहिला. पण फोनमध्ये तो नीट आला नाही. माझा आवाजही डब्यातून आल्यासारखा झाला. ऐकणाऱ्या त्या माणसाने लिहिलं, "गाडीबद्दल अभिनंदन. पण पहिली मजा नाही राहिली. हँडब्रेकही काढून टाकला तुम्ही."

पुढच्या रविवारी आम्ही तिघं हिंगणघाटला निघालो. बाबांनी आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलेला, त्यामुळे गाडी हायवेवरही नांगरटीच्या वेगाने चालली होती. आई पदरावरून पट्टा लावून पुढे बसली होती. माझा फोन तिच्या मांडीवर चार्जिंगला होता.

"तुह्यावालं ते लाव ना," बाबा म्हणाले. "मोठ्या आवाजात ऐकू दे."

मी मागून हात लांबवेपर्यंत आईने दाबलंही. पहिला भाग बरा गेला. "किती साजरा आवाज आहे," आई म्हणाली. पहिला संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, हे अॅपचं मोठं वैशिष्ट्य मानतात. मी म्हणालो, "आई, बंद कर, बॅटरी उतरते." ती म्हणाली, "चार्जिंगले आहे ना."

मग कपाट आलं. अगदी भारदस्त आवाजात आलं. मी खिडकीबाहेर तुरीच्या शेतांकडे पाहत राहिलो. बाबांनी गिअर बदलला. तेवढ्यात स्पीकरमधून 'खर्र' झालं आणि आरशात मला त्यांच्या मिशा हललेल्या दिसल्या.

"जाऊ दे," ते आईला म्हणाले. "कापसात बसून बोलला होता थो."

"कपाट त कपाट," आई म्हणाली. "चढाले गुडघा वाकवा लागत नाई. सावलीत लावजा बरं, बाजारात."