पापणी

उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यात माझ्या शेजारी एक मावशी धागे कापते, कात्रीकडे न बघता. नाव मी अजून विचारलेलं नाही. परवा जेवणाच्या सुट्टीत पोरींनी मोबाइलवर चाळीस वर्षांपूर्वीचा खुनाचा सिनेमा लावला. त्यात तरुणपणीची मावशी पहिल्याच खुनात मेली.

"मावशी, एक डायलॉग पण नाही? डायरेक्ट खल्लास!" पोरी हसल्या.

मावशीने डबा खाली ठेवला. "हसा. पण कॅमेऱ्यात शेवटचंच रीळ उरलं होतं, रीटेक नव्हता. माझी पापणी हलली असती तर सीन गेला असता."

मी कधी मध्ये बोलत नाही. तरी म्हटलं, "परत लाव गं."

इन्स्पेक्टर पंचनामा करत होता. मावशीच्या उघड्या डोळ्याखालून एक मुंगी चालत गेली. पापणी हलली नाही.

पोरी मोबाइलवर वाकल्या. एकीने हळूच विचारलं, "मुंगी खरी होती?"

"चावली पण," मावशी म्हणाली आणि तिने चपाती मोडली.