वहिनीची थकलेली देवी

मंजूचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या कचेरीत होतो. फोन साहेबांच्या टेबलावर, त्यामुळे साहेबांसमोर उभं राहूनच ऐकावं लागलं. "काका, आई गेली," एवढंच माझी पुतणी म्हणाली आणि मग कितीतरी वेळ नुसती खरखर ऐकू येत राहिली. तशीच जळगावची एसटी धरली. पारोळा मागं पडेपर्यंत काही वाटलंच नाही, मग एकदम वाटलं की आता आपल्याला 'भाऊजी' म्हणणारं कुणी उरलं नाही... पुढच्या आठवड्यात जळगावात शोकसभा झाली. एकामागून एक माणसं उठत होती, 'खान्देशची निर्भीड लेखिका', 'काळाच्या पुढची बाई' असं काय काय बोलत होती. त्यांतल्या निम्म्या लोकांना मी ओळखत होतो. हिचं पुस्तक नदीत बुडवा म्हणणारे त्यांत होते, आणि तेव्हा मुकाट बसून राहिलेलेही होते. मला दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. मी नाही म्हणालो. तोंड उघडलं असतं तर सभेची शोभा झाली असती. म्हणून जे तिथं बोललो नाही ते इथं लिहितो आहे.

इंदुमती वहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर बोदवडचं, सासर म्हणजे आमचं घर नशिराबादेजवळच्या एका खेड्यात, केळी आणि कापूस पिकवणारं. दादांना जळगावात बँकेत नोकरी लागली तसा त्यांचा संसार तिकडं गेला आणि वहिनी एका शाळेत मराठी शिकवू लागली. ती देवभोळी नव्हती, पण देवाची होती. संकष्टी, श्रावणी सोमवार, सगळं करायची. कॉलनीतल्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवायची आणि गळाही चांगला होता. पुढं लोकांनी तिला नास्तिक ठरवलं तेव्हा मला हसावं की चिडावं कळेना, कारण आमच्या घरात नास्तिक कुणी असेलच तर तो मी.

लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात आमच्याकडं कानबाई बसली होती. खान्देशात ही देवी संध्याकाळी घरात येते, एक रात्र राहते आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर जाते. विसर्जन करून बायका परतत होत्या, सगळ्यांचे पाय चिखलानं भरलेले, आणि नव्या नवरीनं माझ्या आईला विचारलं, "आई, ती एकच रात्र का राहते?"

आई म्हणाली, "तिले तिचं घर हाये ना व माय. लोकायच्या घरी किती दिवस राहीन?"

पुष्कळ वर्षांनी वहिनीनं मला सांगितलं की कादंबरी त्या दिवशी सुरू झाली.

कादंबरीचं नाव 'आभाळतळ'. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ती पुण्याच्या एका लहानशा प्रकाशकानं काढली. आज ती कुठं मिळत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. एका तळ्याच्या तळाशी एक राज्य आहे. तिथं देवळात मूर्ती नाही, खरीखुरी देवी राहते. ती जेवते, झोपते, तिला सर्दीसुद्धा होते. उजाडल्यापासून मावळेपर्यंत लोक दाराशी उभे राहून मागणं मागतात आणि ती ऐकत असते. तिची वेणी घालणाऱ्या पुजारणीला एक दिवस तिच्या डोक्यात पांढरे केस दिसतात. देवी म्हणते, "मी दमले. मला जाऊ दे." पुजारीण मागचं दार उघडते. देवी म्हातारीच्या रूपात त्याच राज्यात घरोघरी धुणंभांडी करत राहते, कुणी तिला ओळखत नाही. इकडं देऊळ बंद, आत कुणी नाही, आणि बाहेर रांग तशीच. नवस पूर्वीइतकेच फळतात, पूर्वीइतकेच फसतात.

हस्तलिखित वाचणारा पहिला माणूस मी. वाचून झाल्यावर जळगावला गेलो तर ती परीक्षेचे पेपर तपासत बसली होती. मी म्हणालो, "वहिनी, हे लोकांना झेपेल का?"

"लोकांना देव झेपतो भाऊजी, मग पुस्तक का नाही झेपणार?" मान वर न करता ती म्हणाली.

पण नाहीच झेपलं. पुस्तक आल्यावर दोन-तीन महिने शांततेत गेले, मग कुण्या वर्तमानपत्रात 'देवीला मोलकरीण करणारी शिक्षिका' अशा मथळ्याचा मजकूर आला आणि पोस्टमन रोज काहीतरी आणून टाकू लागला. पोस्टकार्डं उघडी असल्यामुळं आधी पोस्टमन वाचायचा, मग शेजारी, मग घरातले. 'तुझ्या जिभेला कीड पडो.' 'तुझ्या घरात कानबाई पुन्हा पाय ठेवणार नाही.' एकानं पुस्तकाची पानं फाडून त्यांत शेण बांधून पार्सल केलं होतं. ज्या पत्रांवर पत्ता असे त्यांना वहिनी उत्तर देई. उत्तर एका ओळीचं, 'आपण पुस्तक शेवटपर्यंत वाचलंत का, कळवावे.' कुणाचंही उलट टपाली उत्तर आलं नाही.

मजा अशी की दुसऱ्या बाजूचे लोकही तितकेच पेटले होते. ते स्वतःला पुरोगामी म्हणवत. त्यांचं म्हणणं, या बाईनं देवी खरी आहे असंच दाखवलं आहे, म्हणजे ही अंधश्रद्धेचाच प्रचार करते. एका मासिकात परीक्षण आलं, त्यात 'प्रतिगामी परीकथा' असा शब्द होता. तो वाचून वहिनी दादांना म्हणाली, "बघा, निदान यांना ती परीकथा तरी वाटली." दादा हसले नाहीत.

त्याच सुमारास धुळ्यात आमच्या वाचनालयानं लेखक-वाचक भेट ठेवली. तिला बोलवायचं की नाही यावर समितीत बरीच वादावादी झाली, शेवटी बोलावलं. हॉल भरला, पण येणारे ऐकायला आलेले नव्हते हे दारातच कळत होतं. आधी एक प्राध्यापक उठले. देवी राबते ते ठीक, पण तिचं देवीपण लेखिकेनं का शाबूत ठेवलं, यातून कष्टकऱ्यांची दिशाभूल होते, असं बराच वेळ बोलले. मग मागच्या रांगांतून आरडाओरड सुरू झाली. माफी मागा, पुस्तक मागं घ्या. कुणीतरी शाईची बाटली फेकली, ती टेबलाच्या कडेला आपटली आणि वहिनीच्या पदरावर निळे शिंतोडे उडाले. मी तिला उठवायला गेलो तर तिनं माझा हात बाजूला केला.

तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक म्हातारे उभे राहिले. धोतर, टोपी, शिंदखेड्याकडचे असावेत. ते उभे राहिल्यावर बाकीचे जरा थांबले.

"ताई, तुमनं पुस्तक मी बठ्ठं वाचेल शे," ते म्हणाले. "एकच इचारस. देवी कधी थकस का?"

वहिनीनं विचारलं, "आबा, तुमच्या घरची थकते का?"

मला क्षणभर वाटलं, जिंकली. पण आबांचा चेहरा लाल झाला. "घरनी येगळी, देवी येगळी," ते म्हणाले.

"मला नाही तसं वेगळं करता येत, आबा. म्हणून तर लिहिलं."

आबा चपला घालून सरळ दाराकडं गेले आणि उंबऱ्यावर थुंकून निघून गेले. मग जो गोंधळ झाला तो पोलीस येईपर्यंत चालला. पूर्ण पुस्तक वाचून आलेला हॉलमधला तो बहुधा एकटाच माणूस होता, आणि थुंकला तोच. हे मला शाईपेक्षा जास्त लागलं.

माझ्या घरी येऊन तिनं लुगडं बदललं आणि जेवायला बसली. माझ्या बायकोकडं अर्धी भाकरी आणखी मागून घेतली. मी चिडलेलोच होतो, काहीबाही बोलत होतो. ती म्हणाली, "भाऊजी, इतकी माणसं बोलली. माझा अपमान झाला म्हणाले, धर्माचा झाला म्हणाले, विज्ञानाचासुद्धा झाला. पण ती दमली होती, याचं एकालाही वाईट वाटलं नाही हो..." मागून घेतलेली अर्धी भाकरी मग ताटात तशीच राहिली.

घरात याची झळ वेगळीच लागली. मंजूचं लग्न बोदवडच्या एका चांगल्या घरात जवळजवळ ठरलं होतं. त्या लोकांनी निरोप पाठवला, मुलीबद्दल तक्रार नाही, पण तिच्या आईनं पेपरात माफी मागावी. दादा खचले. तसे ते वाईट नव्हते, पण लोक काय म्हणतील हे त्यांना बायको काय म्हणते त्याच्या आधी ऐकू यायचं. त्यांनी बँकेतल्या टंकलेखकाकडून एक माफीपत्र टाइप करून आणलं आणि सही करायला वहिनीसमोर ठेवलं. तिनं ते नीट वाचलं. लाल पेन काढून त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या, एका वाक्याखाली रेघ मारली, आणि सही न करता परत दिलं. "शुद्ध करून दिलंय. पाठवायचं तर तुमच्या सहीनं पाठवा," ती म्हणाली. दादांनी पाठवलं नाही. स्थळ मोडलं. पुढं सहा-सात महिने नवरा-बायको मंजूमार्फत बोलत होते. मंजूला मात्र मी तेव्हा विचारलं होतं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "काका, आईनं सही केली असती तर मी त्या घरात काय तोंड घेऊन गेले असते?" तिनं पुढं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, आणि चांगलं केलं.

पण वहिनीला सगळ्यांत जास्त लागलं ते भजनी मंडळाचं. प्रमुख कमलताई घरी आल्या आणि चहा पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "काही दिवस तुम्ही मागं बसा. पेटी दुसरी कुणी वाजवेल." वहिनी मागं बसली. पुढच्या गुरुवारी तिला सांगितलं की मंडळाची जागा बदलली आहे, पण नवी जागा कुणी सांगितली नाही. तिला ती आवाजावरून कळली, कारण जागा दोन गल्ल्यांपलीकडचीच होती आणि वारा तिकडून आला की अभंग घरात ऐकू येत. ती खिडकी लावत नसे. हातातलं काम चालू ठेवून ऐके आणि सूर घसरला की नकळत मान हलवी. तिला मी त्या सगळ्या काळात रडताना पाहिलं ते फक्त अशा एका गुरुवारी.

हळूहळू पोस्टकार्डं थांबली. कुणाचं मतपरिवर्तन वगैरे झालं नाही, लोक नुसते कंटाळले आणि विसरले. तिनं पुढं दोन कथा लिहिल्या, त्या कुणी छापल्या नाहीत. मग आजारपण आलं. ते लांबलं. भजनी मंडळातली एकही बाई त्या काळात पायरी चढली नाही.

ती गेल्यावर मात्र आल्या. पाचव्या-सहाव्या दिवशी कमलताई आणि चौघीजणी टाळ-पेटी घेऊन दारात उभ्या. "इंदूताईंच्या नावानं भजन करतो," म्हणाल्या. मंजू दारातच थांबली. आवाज चढवला नाही. "आई इथंच होती ना इतकी वर्षं," ती म्हणाली. "तेव्हा बोलावलं नाहीत. आता आम्ही बोलावत नाही." दादा आत होते, म्हणून कमलताईंनी माझ्याकडं पाहिलं, मोठा माणूस म्हणून मी तरी काही बोलेन या अपेक्षेनं. मी मंजूशेजारी जाऊन उभा राहिलो. त्या परत गेल्या. हे निष्ठुर वाटत असेल तर वाटो. मेल्यावर माणसाला जवळ करणं सोपं असतं, ते उलट उत्तर देत नाही.

मागच्या रविवारी पुन्हा जळगावला गेलो होतो. दादा एकटेच होते. दुपारचं जेवण त्यांनीच केलेलं, डाळ थोडी करपलेली. हात धुऊन ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या देवघरापाशी गेले आणि देवीसमोरचा छोटा सुती पडदा सारून बंद केला. मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की वहिनी रोज दुपारी हे करायची. जेवणं आटोपली की पडदा ओढायची आणि चहाच्या वेळेपर्यंत उघडायची नाही. तेवढ्या वेळात घरात कुणी देवीकडं काही मागायचं नाही असा तिचा दंडक होता. किती वर्षांपासून, ते दादांनाही आठवेना. नास्तिक माणूस मी, माझं त्या कोपऱ्याकडं कधी लक्षच गेलं नव्हतं.

निघताना काय वाटलं कोण जाणे, चपला घालता घालता मी आत वळलो आणि त्या ओढलेल्या पडद्याकडं तोंड करून हात जोडू लागलो.

दादांनी माझा दंड धरला. "आता नको," ते हळू आवाजात म्हणाले. "पडलीय जरा."