पाकळ्या खुडायला आलेल्या सासूबाई

माझ्या सासूबाई माझ्या लग्नाला येणार नाहीत, हे अख्ख्या बालाघाटला माहीत होतं.

फक्त सासूबाईंना माहीत नव्हतं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. रडायचं ठरवून लिहायला बसले होते, पण आठवतंय ते सगळं हसायचंच.

आम्ही बौद्ध. माझ्या नवऱ्याचं, नितीनचं घर हिंदू, पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरीतलं. घरच्यांनी कसाबसा होकार दिला, पण गाडी अडली अक्षतांवर. आमच्या लग्नात तांदूळ नसतात, फुलांच्या पाकळ्या टाकतात.

नितीनचे मामा, म्हणजे सासूबाईंचे मोठे भाऊ, किरनापुरात राहतात. त्यांनी फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला.

"अक्षता नाही त लग्न कायचं? आमच्यातलं कोनी जाणार नाही."

खाली धडाधड अंगठे पडले. सासूबाईंचा अंगठा नव्हता, पण त्यांना मोबाईल नीट वापरता येत नाही असंच सगळे समजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात सासूबाई. हातात फुलांची पिशवी.

आई गडबडली. लग्न मोडायला आल्या असंच तिला वाटलं.

"पाकळ्या टाकता ना तुमी? कोनत्या टाकता?"

"झेंडूच्या," आई म्हणाली. "सगळेच टाकतात."

"मे महिना हाये ताई. घामाले चिकटते झेंडू. पोरगी फोटोत कशी दिसन?"

मग मला खाली बसवलं, पंखा फुल केला आणि एकेक फूल खुडून माझ्या डोक्यावर टाकून बघितलं. झेंडू गालाला चिकटला. मोगरा गारेसारखा लागला. गुलाब तेवढा सावकाश, तरंगत आला.

"हौ. गुलाब."

सिलेक्शन झालं. चहा झाला. जेवणही झालं. मला वाटलं, संपलं.

कसलं काय!

दुसऱ्या दिवशी परत हजर. पाकळ्या ताटातून वाटायच्या नाहीत, प्रत्येक पाहुण्याच्या हातात पळसाच्या पानांचा छोटा दोना द्यायचा. म्हणजे दोने लावायला बसणं आलं.

त्यानंतर स्टेजसाठी केळीच्या खोडाचे तुकडे. त्याला भोकं पाडून फुलं खोचायची, "खोडातच पाणी असते, फूल सुकत नाही."

मग माझा हार. पांढऱ्या साडीवर लाल गुलाब, आणि वजनाला हलका. "हार गळ्यात घालाचा असते, मान मोडाले नाही."

बहाव्याच्या पिवळ्या झुंबरांचा प्रयोग तर विचारूच नका. स्टेजवर पंख्याखाली टांगायची, म्हणजे फुलं आपोआप वरून पडतील! ट्रायल आमच्या बैठकीत झाली. सगळा बहावा आईच्या शेवयांच्या खिरीत पडला.

"पडते त," सासूबाई खूश.

आई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "तुह्या सासूले घरी काम नाही का गं?"

आईचंही बरोबर होतं. रोज सकाळी येत होत्या, रोज जेवून जात होत्या, आणि मीठ कमी असलं तर तसं तोंडावर सांगत होत्या.

मग एक दिवस एकट्या नाही आल्या. सोबत त्यांची जाऊ, नणंद आणि किरनापूरच्या मामी, म्हणजे मेसेजवाल्या मामांची बायको. "दोने लय हायेत, हात कमी पडून राह्यले," म्हणे.

आईने चहा आणला. त्या तिघी कपाकडे बघत बसल्या. हात कोणीच लावेना. आई ट्रे धरून तशीच उभी.

सासूबाईंनी मान वर न करता पानाला काडी टोचली.

"चहा घ्या न लवकर. थंडा झाल्यावर कोन पिते? काम पडलं हाये."

आधी मामींनी कप उचलला. मग बाकीच्यांनी.

संध्याकाळपर्यंत चौघी माझ्या आईशी दोन्यांच्या साईझवरून भांडत होत्या.

लग्नाला सगळ्या आल्या. "आमच्या हातचं डेकोरेशन हाये, पाहाले त जाऊच," असं मामींनी घरी ठणकावून सांगितलं होतं. मग मामाही आले. मागे उभे, हात पाठीशी बांधलेले.

त्रिशरण-पंचशील झालं. मंगलगाथा सुरू झाली, म्हणजे पाकळ्या टाकायची वेळ. सासूबाई सगळ्यांसमोर स्टेजवरून उतरल्या, मामांपाशी गेल्या आणि दोना पुढे केला.

"दादा, टाका. म्या खुडल्या हायेत."

मामांनी पाठीमागचे हात सोडवले. मग मूठ भरली आणि अशी जोरात फेकली की सगळ्या पाकळ्या फोटोग्राफरवर. माझ्या अल्बममध्ये एक फोटो नुसता गुलाबी आहे.

लग्नानंतर मी सासरी आले. बघते तर काय, अंगणात एक तुळस. बस. ना गुलाब, ना मोगरा, एक कुंडीसुद्धा नाही.

मी विचारलं, "आई, तुम्हाला फुलांचा एवढा शौक, मग घरी एकही झाड कसं नाही?"

त्या तांदूळ निवडत होत्या. हसल्या.

"मले कायचा शौक? तुह्या मायच्या घरी रोज बसाले बहाना पाहिजे होता."

मी त्यांच्यापाशी खाली बसले.

"एक दिवस येऊन जेवली असती, त लोक म्हणले असते, पाहा, उपकार केला. तुह्या मायलेबी तसंच वाटलं असतं. काम असलं का मानूस आपसूक जेवते. कोनी मोजत नाही."

आणि परत तांदळात खडे शोधायला लागल्या.

आज सकाळपासून माझी आई आमच्याकडेच आहे. मामी पण आल्यात. आत दोघींची भाजीत तिखट किती यावरून जुंपली आहे. पंगत बसायला उशीर होणार, हे नक्की.

आई, भरल्या घरातून तुम्हाला श्रद्धांजली.