न चाखता, न हुंगता केलेली डाळ

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये मी ‘स्वयंपाक येणारा पुरुष’ म्हणून प्रसिद्ध होतो. ही प्रसिद्धी मी कमावलेली नव्हती, अंगावर पडलेली. सोसायटीच्या सत्यनारायणाला आचारी बिडी ओढायला जिन्याखाली गेला, तेव्हा शिरा खाली लागू नये म्हणून मी त्याचं उलथनं धरून कढईपाशी उभा राहिलो, आणि फोटोवाल्याला नेमकं तेव्हाच फोटो काढायचं सुचलं. तो फोटो पुढे कित्येक महिने नोटीसबोर्डावर होता. कोणी कौतुक केलं की मी “छे हो, त्यात काय” म्हणायचो. हे वाक्य फार धोक्याचं आहे. त्यात खोटं काहीच नसतं, पण समोरचा भलतंच समजून जातो.

आमच्या समोरच्या दारातले गुजराती काका असंच समजून गेलेले.

ऐंशीचं दशक संपत आलेलं, मे महिना. बायको मुलांना घेऊन कोकणात माहेरी गेलेली. बिल्डिंग निम्मी रिकामी, गुजराती बिऱ्हाडंही झाडून सगळी गावाला. मी एकटा ऑम्लेट-पाव खाऊन मजेत होतो. अशा एका रविवारी सकाळी काका दारात उभे. स्टेशनजवळ त्यांचं कटलरीचं दुकान होतं. गिऱ्हाइकाची सवय असल्यामुळे आधी हसायचे, मग बोलायचे. त्या दिवशी हसायचं विसरले.

काकींचं पोटाचं ऑपरेशन झालेलं, कल्याणच्या एका हॉस्पिटलात. ऑपरेशन नीट झालं, पण काकी जेवेनात. कारण तसं साधं होतं. काकी पक्क्या वैष्णव. देव्हाऱ्यातल्या ठाकोरजींना, म्हणजे त्यांच्या बाळकृष्णाला, नैवेद्य म्हणून दाखवलेलं असेल तेवढंच त्या खायच्या. हॉस्पिटलची खिचडी कोणी केली, कशात केली, त्यात कांदा-लसूण होता का, काही पत्ता नाही. म्हणून काका ठाकोरजींना दाखवून न्यायचे त्या दूध-मोसंबीवरच काकी होत्या. शेजाऱ्यांनी डबा द्यायची तयारी दाखवून झालेली, पण शेजाऱ्यांच्या डब्याला ठाकोरजी कुठून आणणार? आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी काकांना बाहेर बोलावून सांगितलं की बाईंच्या अंगात काही उरलेलं नाही, जखम भरायची तर पोटात डाळभात गेलाच पाहिजे. मुलगी राजकोटहून निघणार होती, पण रिझर्वेशन मिळत नव्हतं.

“काल मी हाक मारली तर तिने डोळे पण नाही उघडले,” काका म्हणाले. “भाऊ, आज डाळ करायची. तुमी सांगा, मी करतो.”

मी म्हणालो, “छे हो, त्यात काय.”

काका अंघोळ करून, पीतांबर नेसून आले, तेव्हा मला या कामाचं स्वरूप कळलं. उंबरठ्याच्या आत ठाकोरजींचं स्वयंपाकघर, तिथलं सोवळं कडक. मी आत जायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. काकांनी हे इतक्या अजिजीने सांगितलं की मीच त्यांची समजूत घालत होतो. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं झालेलं. हात लावायचाच नाही म्हटल्यावर हाताला काही येत नाही हे कोणाला कळणार? माझ्यासाठी बाहेरच्या खोलीत, बरोबर दारासमोर, एक स्टूल ठेवलं. त्यावर मी बसलो, म्हणजे जवळपास क्रिकेटच्या कॉमेंटेटरसारखा.

आम्हा दोघांना त्या डाळीची माहिती अशी: काकांनी ती लग्न झाल्यापासून रोज खाल्लेली, पण ताटाच्या बाजूने. गॅसच्या बाजूने ती कशी दिसते हे त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. मी ती रविवारी खायचो, कारण काकी एक वाटी आमच्याकडे पाठवायच्या. पातळ, आंबटगोड, मध्येच एखादा मऊ झालेला शेंगदाणा. आमच्या घरी आमसूल घातलेली, ओल्या खोबऱ्याची आमटी व्हायची, ती कशी करतात हेही मला ठाऊक नव्हतं. पण एक न येणारी गोष्ट दुसऱ्या न येणाऱ्या गोष्टीशी पडताळून बघता येते, असा माझा त्या वेळी समज होता.

काकांनी काकींना कृती विचारलेली. त्यांनी डोळे मिटूनच सांगितलं: तुरीची डाळ, दाणे, गूळ, कोकम, वरून फोडणी. किती किती, असं विचारल्यावर म्हणाल्या, अंदाजाने.

“कोणाच्या अंदाजाने ते नाही बोलली,” काका म्हणाले.

डाळ कुकरला लावताना पाणी किती, हा पहिला प्रश्न आला. मी ऐटीत सांगितलं, बोटाचं एक पेर बुडेल इतकं. हे माप भाताचं, हे मला बायकोने जूनमध्ये सांगितलं. डाळ शिजली ती पिठल्यासारखी. मग मी म्हटलं, तुमची डाळ पातळ असते ना, घाला पाणी. काकांनी तांब्या ओतला. मग ती इतकी पातळ झाली की तळाची फुलं दिसायला लागली. पातेल्यावर फुलं कोरलेली आहेत हे काकांनाही तेव्हाच कळलं. घोटून घट्ट होईल या आशेने त्यांनी रवी घातली आणि ताक घुसळावं तशी घुसळली. थोडी डाळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली.

एवढ्यात माझी जीभ घसरली. फोडणीचं बोलता बोलता सवयीने म्हणालो, आता चार पाकळ्या लसूण ठेचा. काकांनी रवी खाली ठेवली आणि दोन्ही कानांना हात लावले. मग हात धुतले, मग कानही धुतले. आणि परत रवी हातात घेतली.

त्यानंतर मिठाचा घोळ. काका म्हणत होते, कुकरमध्ये टाकलंय. मला आठवत होतं की मी टाका म्हणालो तेव्हा ते हळद शोधत होते. कदाचित त्यांनी ऐकलं असेल, कदाचित नसेल. मी म्हटलं, भांडायचं कशाला, चाखून बघा ना जरा.

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी आपोआप स्टुलावरून उठलो.

“ठाकोरजींच्या आधी? त्यांना उष्टं वाढायचं?”

चूक माझीच. नैवेद्य चाखत नाहीत हे काय मला माहीत नव्हतं? माझी आई पुरण चाखल्याशिवाय करायची आणि त्यात वेलदोडा कधी कमी-जास्त झाला नाही. पण आईला पुरण यायचं, हा मुद्दा माझ्या लक्षात त्या स्टुलावर आला. काकांनी चिमूटभर मीठ आणखी घातलं. म्हणजे आता ते एकदा पडलेलं होतं किंवा दोनदा. गुळाचं तेच. मी सांगितलेला खडा त्यांनी घातला, आणि मी कॅलेंडरकडे बघत असताना स्वतःच्या मनाने दुसरा घातला, की पहिलाच दुसऱ्यांदा मोजला, याचा निकाल आजतागायत लागलेला नाही.

शेवटी मसाला. धणे-जिऱ्याची पूड हवी, एवढं मला नक्की माहीत होतं, कारण ती आमच्याकडेही लागते. फळीवर तपकिरी पुडीच्या बरण्या निघाल्या दोन. दोन्ही सारख्या, दोन्हींवर काही लिहिलेलं नाही. काकांनी त्या आतूनच वर धरून मला दाखवल्या. मी मान तिरकी करून, डोळे बारीक करून बघितलं. एक किंचित काळपट. मी म्हटलं, वास घेऊन बघा, लगेच कळेल.

“वास पण नाही घ्यायचा,” काका म्हणाले. “वास घेतला म्हणजे अर्धं खाल्लंच ने.” आणि जरा थांबून, माझ्या नाकाकडे बघत, “तुमी पण थोडं मागे बसा.”

मी स्टूल मागे घेतलं. तिथून दोन्ही बरण्या एकाच रंगाच्या दिसायला लागल्या. मी उजवीकडची म्हणालो. का, ते विचारू नका. आत्मविश्वासाने सांगितलेल्या गोष्टीला कारण असावंच लागतं असं नाही. काकांनी दोन चमचे घातले, डाळीला उकळी आली, वर तुपाची फोडणी पडली आणि वास आला. मी श्वास रोखून धरायचा प्रामाणिक प्रयत्न केला. तरी थोडा आत गेलाच, आणि मला सगळं सोडून संध्याकाळची वेळ झाल्यासारखं वाटायला लागलं. सकाळचे साडेनऊ वाजत होते.

ठाकोरजींपुढे वाटी ठेवून काकांनी देव्हाऱ्याचा पडदा ओढला आणि बाहेर येऊन माझ्याजवळ जमिनीवर बसले. देव जेवत असताना बघायचं नाही. आम्ही दोघं बंद पडद्याकडे पाठ करून, मुलाच्या तोंडी परीक्षेला बाहेर थांबलेल्या पालकांसारखे बसलो.

“मीठ टाकलं ने आपण?” काकांनी हळूच विचारलं.

मी मान हलवली. ती हो की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं.

पडदा उघडला. आता चाखायला हरकत नव्हती. काकांनी तळहातावर डाळ घेतली, तोंडात टाकली, आणि त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, हाच. हाच तो आमच्या घरचा स्वाद. रोज घेतो, मी नाही ओळखणार? त्यांनी मलाही दिली. मीठ ठीक, गोड जरा जास्त. पण त्यापलीकडे आणखी काहीतरी होतं. ओळखीचं, जिभेच्या टोकावर, पण नाव आठवत नाही. एखादा माणूस नेहमी बँकेत दिसतो आणि एकदम लग्नाच्या पंगतीत समोर आला की होतं तसं. मी विचार केला, चाळीस वर्षं जेवणारा माणूस हो म्हणतोय, तर आपण कोण? आणि खरं सांगायचं तर मला थोडा अभिमानही वाटला.

डबा काकांच्या मांडीवर, काका माझ्या स्कूटरवर, अशी आमची वरात पत्री पुलावरून कल्याणात शिरली. वाटेत खड्डा आला की काका डबा आणि माझा खांदा एकदमच घट्ट धरायचे.

काकी वॉर्डच्या टोकाच्या खाटेवर होत्या. एवढंसं तोंड झालेलं. हातात सलाईन. काकांनी दोनदा हाक मारली, काही नाही. मग त्यांनी डबा उघडला आणि म्हणाले, ठाकोरजींचा प्रसाद आणलाय. तेव्हा डोळे उघडले.

“ठाकोरजी जेवले?” काकींनी विचारलं. आवाज असा की मला वाकून ऐकावा लागला.

काकांनी होकार दिला आणि वाटीत डाळभात कालवून पहिला चमचा भरवला. काकींनी तो तोंडात धरला. गिळेनात. बाजूच्या खाटेवरची बाई पण बघायला लागली. बऱ्याच वेळाने तो घास खाली गेला. काकींनी आधी काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“डाळीत चहाचा मसाला कोणी घालायला सांगितला?”

संध्याकाळ, बँकेतला माणूस, काकांचा रोजचा स्वाद, सगळं एका क्षणात जागेवर बसलं. काका रोज दोनदा घेत होते तो हाच: आलं, वेलची, मिरी. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी वरच्या पंख्याकडे पाहिलं.

काकांचा चमचा हवेतच राहिला. एवढा खटाटोप केला आणि बाई पहिल्या घासाला थांबली. आता ही परत तोंड मिटून घेणार आणि पुढे काय, ते त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. “राहू दे,” ते म्हणाले. “खाऊ नको. टाकून देतो.”

“प्रसाद टाकतात?” काकी म्हणाल्या, आणि तोंड उघडलं.

दुसरा घास गेला. तिसरा गेला. प्रत्येक घासाला कपाळावर आठी, पण घास जात होता. काका घाबरत घाबरत भरवत होते. मध्येच काकींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, फार वाईट झालीय का? त्यांनी मान हलवली. स्वतःसाठी नव्हतं ते.

“माझं काय,” म्हणाल्या, “तो बाळकृष्ण, लहान आहे. समोर ठेवलं ते खाल्लं असेल बिचाऱ्याने, बोलला पण नसेल.” मग काकांना विचारलं, “आणि उद्या त्याला काय देणार?”

काकांनी परत माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, पण ते पाहणं काकींनी पाहिलं.

तेवढ्यात राउंडवर डॉक्टर आले. रिकामी होत आलेली वाटी बघून खूश झाले. काय दिलंत, म्हणून विचारलं. डाळभात, मी म्हणालो, तपशिलात शिरलो नाही. ते म्हणाले, उत्तम, उद्याही अगदी हेच आणा.

“उद्या नाही,” काकी म्हणाल्या. त्या दिवसातला त्यांचा पहिला मोठा आवाज. “रोज किती खाल्लं की मला घरी सोडाल, ते सांगा.”

डॉक्टर हसले, म्हणाले, असंच जेवलात तर लवकर सोडू, आणि पुढच्या खाटेकडे गेले. काकींनी वाटी काकांपुढे धरली, आणखी घाला म्हणून. काका डब्यातली उरलेली डाळ त्यात ओतत होते, आणि मला काही केल्या उमगत नव्हतं की आता मी तोंड पाडायचं, की “छे हो, त्यात काय” म्हणायचं.