बुधवारी माहिती पाठवली जाणार नाही

माणसाचं आरोग्य शेवटी त्याच्या मनःशांतीवर अवलंबून असतं. हे वाक्य आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात, ध्यानाला बसलेल्या एका बाईच्या चित्राखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. चित्रासमोरच्या बाकड्यावर माझी सकाळ गेली, म्हणून ते पाठ झालं. बाईच्या मागे धबधबा होता, चेहऱ्यावर समाधान होतं, आणि तिच्याकडे कोणी विद्यार्थ्यांच्या वजन-उंचीची माहिती 'आज दुपारपर्यंत, अत्यंत तातडीचे' अशी मागितल्याचं दिसत नव्हतं.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या जंगलातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा दोनशिक्षकी आहे, म्हणजे कागदावर. दुसरे गुरुजी बहुतेक दिवस कसल्या तरी कामाला तालुक्याला बोलावलेले असतात. मुलं घरून गोंडी घेऊन येतात, मी भद्रावतीहून माझी मराठी घेऊन आले, आणि मधे कुठेतरी आमची गाठ पडते.

त्या आठवड्यात फळ्यावर वजाबाकी लिहिताना माझ्या मानेतून काहीतरी वर चढलं आणि फळ्याचा डावा भाग दिसेनासा झाला. उपकेंद्रातल्या सिस्टरने एका दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला, मग दुसऱ्या दंडाला बांधून मोजला, आणि आकडा न सांगता विचारलं, "मॅडम, घरी कोन कोन असते तुमच्या?" आकडा सांगितला असता तर मी कमी घाबरले असते.

तालुक्याचे डॉक्टर माझ्यापेक्षा वयाने लहान होते. त्यांनी आकडा सांगितला. वरचा एकशे ऐंशीच्या पुढे होता.

"टेन्शन घेता का मॅडम?"

"घ्यावं लागत नाही. घरपोच येतं."

त्यांनी एक गोळी लिहून दिली, मीठ किती चमचे ते सांगितलं, रोज चालायला सांगितलं, झोपेचे तास सांगितले. शेवटी म्हणाले, "आणि ताण कमी करा."

"किती कमी करू? मिठाचं तुम्ही चमच्यात सांगितलं."

ते हसले आणि मग हसायचे थांबले. "मॅडम, गमतीवारी नेऊ नका. या दाबावर माणसाचं अर्धं अंग जातं. दोन महिन्यांत खाली आला नाही, तर मी तुम्हाला त्या गावात राहू देणार नाही. बदलीला लागतं ते प्रमाणपत्र मीच लिहून देईन. तिथून इथवर गाडी यायला किती वेळ लागतो, तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. पावसाळ्यात तर गाडी येतच नाही.

नवरा भद्रावतीला कारखान्यात आहे. त्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "मग घेऊन टाक ना बदली. काऊन जीव काढून राह्यली तिथी?" त्याच्या बोलण्यात चूक काहीच नव्हती. मी गेले असते तर त्या शाळेला कुलूप लागलं असतं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नसतं. दुसरी कोणी बाई आली असती, कदाचित जास्त उत्साही. पण चौथीतली मुलं माझ्याशी गोंडीत भांडायला लागली होती आणि मला त्यांना गोंडीत उत्तर देता येऊ लागलं होतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला नीट जमलेलं हे पहिलंच काम होतं. मला जायचं नव्हतं. आजारी पडायचंही नव्हतं. दोन्हींतलं एक निवडा, असं मला सगळे मायेने सांगत होते, आणि ही निवड माझ्यापुढे ठेवायचा अधिकार कोणाला कोणी दिला, एवढंच मला कळत नव्हतं.

आता ताण कुठून यायचा, ते सांगते. गावात नेटवर्क नाही. टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर, एका मोहाच्या झाडाखाली उभं राहिलं की मोबाईल जागा होतो आणि सकाळपासून साठलेले सगळे निरोप एकदम वाजतात. गणवेश किती वाटले, झाडं किती लावली, लावलेली किती जगली, शौचालयाचा फोटो, हात धुतानाचा फोटो, फोटो अस्पष्ट आहे, पुन्हा पाठवा. मुलांना पाढे देऊन मी वळणावर जायची आणि परत यायची. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. खात्याने ती सोय आधीच केलेली होती.

औषध सुरू होऊन आठवडा होतो न होतो तोच खात्याचा नवा आदेश आला. शिक्षक आणि पालकांसाठी गावोगावी ताणमुक्ती शिबिर घ्यायचं. फलकाची लांबी-रुंदी ठरलेली, पालकांची उपस्थिती किती हवी तेही ठरलेलं, छायाचित्रं ठिकाणासह, आणि अहवाल त्याच संध्याकाळी. हे वाचताना माझे कान गरम झाले. त्या क्षणी पट्टा बांधला असता तर काय आकडा आला असता, कोण जाणे.

आमच्या वाट्याला बुधवार आला. बुधवारी आमचं गाव बंद असतं. त्या दिवशी कोणी नांगर धरत नाही, धान कापत नाही, जंगलातून काही वेचून आणत नाही. मोडलं तर गावाला एक कोंबडी द्यायची. का, असं मी विचारलं तेव्हा दोन वेगवेगळी कारणं मिळाली, दोन्ही सारख्याच खात्रीने. एक देवाचं होतं, एक बैलांचं. यात काही प्राचीन शहाणपण शोधायला कोणी येणार असेल तर त्याने बुधवारी येऊ नये. पुरुष पत्ते खेळतात आणि पितात, बायकांचं पाणी भरणं बुधवारीही सुटत नाही, आणि निदान एका घरात भांडण होतं. पण शेतावर कोणी जात नाही, हे खरं. त्यामुळे शिबिराला गर्दी मात्र चांगली झाली.

व्याख्याते नागपूरचे होते. आवाज छान, माणूस सज्जन. आमचे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवरचे साहेब, मोबाईल घेऊन छायाचित्रं काढायला उभे होते. व्याख्याते म्हणाले, "डोळे मिटा. कल्पना करा, आपण जंगलातून चाललो आहोत आणि अचानक समोर वाघ आला."

कोणी डोळे मिटले नाहीत. शाळेत खिचडी शिजवणारी बाई पुढेच बसली होती. तिने विचारलं, "कोन्ता?"

"कोणताही. समजा एक वाघ."

"कोनताही कसा म्हणता सर? नाल्याकडचा मानूस पाहून निंगून जाते."

"कुठी निंगून जाते?" मागून एक जण म्हणाला. "माह्या बकरीले विचार."

"तुही बकरी तूच सोडली होती."

यावर बराच वेळ गेला. नाल्याकडचा की टेकडीकडचा, नर की मादी, आणि बकरी नक्की कोणाच्या चुकीने गेली, यावर तीन मतं पडली. व्याख्यात्यांनी धीर सोडला नाही. आवाज थोडा चढवून त्यांनी सांगितलं की वाघ दिसला की काळीज जोरात धडधडतं, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तात साखर उतरते, पोटाचं काम थांबतं. शरीर पळायला किंवा लढायला तयार होतं. वाघ गेला की सगळं जागच्या जागी येतं. पण वाघ गेलाच नाही तर शरीर तसंच ताणलेलं राहतं, आणि त्यातून रक्तदाब, साखर, झोप, सगळं बिघडतं. "शहरात वाघ नाही," ते म्हणाले, "पण आपल्या प्रत्येकाच्या आयुष्यात एक न जाणारा वाघ असतो. सांगा, तुमचा वाघ कोणता?"

मग खिचडीवाली बाई म्हणाली, "मॅडमचा वाघ त्या वळणावर राह्यते. रोज जाते त्या त्याले भेटाले. परत येते तं तोंड असं लाल असते."

लोक हसले. मीही हसले. आणि मग मी उठले. बोलायचं काही ठरवलेलं नव्हतं. मी म्हणाले, "मीही बुधवार पाळणार. बुधवारी मी शिकवीन. माहिती पाठवणार नाही. वळणावर जाणार नाही. बाकीच्या दिवशी दिवस मावळल्यावर वळण बंद, फोन बंद."

साहेबांनी मोबाईल खाली केला.

गावचे पाटील वयस्कर आहेत आणि फारसं बोलत नाहीत. ते भिंतीला टेकूनच म्हणाले, "पाहा मॅडम. गावात म्हटलं तं म्हटलं. मोडलं तं कोंबडी लागल."

"कबूल," मी म्हणाले.

शिबिर आटोपल्यावर व्याख्यात्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की परतीचा रस्ता नाल्याकडूनच जातो का.

साहेबांनी मला दुसऱ्या दिवशी वळणावर फोन करून गाठलं. "मॅडम, बुधवार कोणत्या शासन निर्णयात आहे?"

"कोणत्याच नाही. म्हणून तर पाळता येतो."

"हे बघा, आजारी असाल तर बदलीचा अर्ज करा, मी शिफारस करतो. आजारी नसाल तर माहिती द्या."

"मी आजारी आहे, बदली मागणार नाही आणि बुधवारी माहिती देणार नाही. मंगळवारी मागाल तर मंगळवारी देईन. मंगळवारी लावलेलं झाड गुरुवारपर्यंत मरत नाही साहेब."

त्यांनी फोन ठेवला. माझं काळीज धडधडत होतं, रक्तवाहिन्या बहुधा आवळल्या होत्या, सगळं व्याख्यानाबरहुकूम. पण परत येताना मला चक्क भूक लागली होती.

पुढचे दोन बुधवार मी नुसतं शिकवलं. वर्गात शिरल्यापासून सुट्टीपर्यंत कोणीही मला मधे बाहेर बोलावलं नाही, हे किती वर्षांनी घडलं ते आठवेना. तिसऱ्या बुधवारी साहेब मोटरसायकलवर स्वतः आले. शाळा बघितली, मुलांना पाढे विचारले, आणि म्हणाले, "चला वळणावर. राहिलेली माहिती माझ्यासमोर भरा. आज भरली नाही तर तुमच्या बदलीचा प्रस्ताव मीच पाठवतो."

"मी येणार नाही."

"मग मी भरतो," म्हणून ते माझी माहितीची वही मागून घेऊन निघाले. शाळेसमोरच्या चिंचेखाली पत्ते चालले होते. पाटलांनी हातातली पानं खाली ठेवली.

"साहेब, आज बंद आहे."

"मी काय नांगर धरून राह्यलो का?" साहेब मूळचे कोरपन्याकडचे, रागावले की घरची भाषा येते.

"मॅडमनं जे काम बंद ठेवलं, तेच तुमी करून राह्यले. कोंबडी लागल."

साहेब हसले. आजूबाजूला पाहिलं. बाकी कोणी हसत नव्हतं. माझ्याकडे पाहिलं. मी चिंचेकडे पाहिलं.

"कोंबडी आणू कुठून मी?"

"गावातच भेटते," खिचडीवाली बाई म्हणाली. "माह्याकडं आहे एक."

तिने ती साहेबांना विकली, साहेबांनी ती पाटलांना दिली आणि पाटलांनी ती शिजवायला तिलाच दिली. जेवण होईपर्यंत साहेब शाळेच्या सतरंजीवर टेकले. त्यांच्या खिशातला फोन वाजणं शक्यच नव्हतं. थोड्या वेळाने चौथीच्या वर्गातून घोरण्याचा आवाज येऊ लागला, आणि मुलांनी आपणहून पाढे हळू आवाजात म्हणायला सुरुवात केली.

उठल्यावर ते म्हणाले, "मी डोळे मिटून विचार करत होतो."

"हो, आयकू आला विचार," बाई म्हणाली आणि त्यांच्यापुढे ताट ठेवलं.

जेवताना त्यांनी रस्सा बाजूला सारला. मीठ जास्त होतं. "मलाही गोळी चालू आहे," ते ताटाकडे बघत म्हणाले. "तुमची कोणती?" मी सांगितली. त्यांची तीच होती, पण जास्त ताकदीची.

"मग तुमचा वार कोणता साहेब?"

"माझ्या वरती चार साहेब आहेत मॅडम," ते म्हणाले. निघताना त्यांनी माझी वही परत दिली. बदलीचा प्रस्ताव गेला नाही. त्यांच्या भेटीच्या अहवालात एक ओळ मात्र गेली, ती अजून लागू आहे: सदर गावी बुधवारी नेटवर्क उपलब्ध नसते. इतर कोणत्या वारी ते असतं, हे कोणी विचारलं नाही.

दोन महिन्यांनी मी पुन्हा त्या बाकड्यावर बसले. डॉक्टरांनी दोन्ही दंडांवर मोजलं आणि आकडा लगेच सांगितला. दाब चांगलाच खाली आला होता. प्रमाणपत्र लिहायची गरज उरली नव्हती; मी राहू शकत होते.

"काय केलंत?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. बुधवार सांगितला, दिवस मावळल्यावर बंद होणारा फोन सांगितला, फोन खोलीत ठेवून नाल्यापर्यंत चालत जाणं सांगितलं, सलग लागणारी झोप सांगितली. खारवलेली सुकट सोडली हेही सांगितलं, आणि यातलं सर्वांत जड तेच होतं. ताण येणारच, पण तो कोणत्या वेळी यायचा हे मला ठरवता येतं, आणि ते ठरवायला मी कोणाची परवानगी मागणार नाही, असंही थोडं सुनावलं. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं आणि कागदावर लिहिलं: दोन्ही गोळ्या चालू ठेवा.

मधल्या महिन्यात त्यांनी एक गोळी वाढवली होती, हे सांगायचं राहिलं.